पत्र्याच्या आगगाडीची जिरह

आमच्या घरी आगगाडी बघायला येणारा माणूस, मग तो कुणी का असेना, गाडी थांबली रे थांबली की एकच प्रश्न विचारायचा: "इंजिन बिघडलं वाटतं?"

हा प्रश्न ऐकला की माझे सासरे डोळे मिटून घ्यायचे. ते वकील होते. संस्थानच्या अदालतीत उर्दूतून कज्जे लढवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि शहानिशा न करता कुणावर इल्जाम ठेवलेला त्यांना खपत नसे. मग तो कुणी पत्र्याच्या इंजिनावर ठेवलेला का असेना. "जरा सबर करा," ते पाहुण्याला म्हणायचे. "मुलजिमाला शेवटी विचारायचं असतं. आधी गवाह." मुलजिम म्हणजे आरोपी, म्हणजे इंजिन. गवाह म्हणजे चाकं, रूळ, सांधे आणि वायर. मग धोतराचा काष्टा सावरून ते शहाबादी फरशीवर पालथे पडत, गाल रुळाला लावून एक डोळा मिटत आणि जिरह, म्हणजे उलटतपासणी, सुरू होई. पाहुण्याचा चहा तोवर निवून जायचा.

ही गाडी घरात आली ती देश स्वतंत्र झाला त्या वर्षी. देश झाला होता. आम्ही हैदराबादवाले अजून संस्थानात होतो, त्यामुळे आमचं व्हायचं होतं. सिकंदराबादच्या छावणीतली गोरी कुटुंबं मात्र आवराआवर करून विलायतेला निघाली होती आणि त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात जात होतं. मामंजी तिथे एक आरामखुर्ची आणायला म्हणून गेले आणि टांग्यातून उतरले ते ट्रंक घेऊन. ट्रंकेत हिरवं इंजिन, तांबडे डबे, तीन-तीन पट्ट्यांचे रुळांचे तुकडे आणि एक काळा जड डबा होता. डब्याची एक वायर भिंतीतल्या विजेला लावायची, दुसरी रुळाला, आणि वरची दांडी सरकवली की गाडी पळायची. माहितीचा कागद मात्र ट्रंकेत नव्हता. तो असता तर आमच्या घरातला निम्मा आनंद बुडाला असता.

पुढच्या वर्षी शहरात रझाकारांची धामधूम झाली. आमचा अर्धा काचीगुडा मोहल्ला सोलापूरला नाहीतर नागपूरला नातेवाइकांकडे गेला आणि ट्रंक माळ्यावर गेली. मग पोलीस ॲक्शन झाली, माणसं परत आली, ट्रंक खाली उतरली. हे सगळं मला ऐकून ठाऊक, कारण मी त्या घरात सून म्हणून आले ती त्यानंतर, पहिल्या निवडणुकीची शाई लोकांच्या बोटांवरून जाते न जाते तोच.

माझं माहेर हैदराबादेतच, चिक्कडपल्लीत. वडील गणिताचे मास्तर, मी इंटर सायन्स झालेली, आणि रागीट. रागीट हे माझं म्हणणं नव्हे, माझ्यासाठी स्थळं आणून आणून थकलेल्या मावशीचं. सासर काचीगुड्याला, स्टेशनच्या इतक्या जवळ की खऱ्या गाडीची शिटी झाली की स्वयंपाकघरातली भांडी किणकिणत. लग्नाची वरात दारात आली, मी उंबरठ्यावरचं माप लवंडलं, उजवं पाऊल आत टाकलं, आणि आतून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "रूळ! रूळ! जपून!"

मी शालूसकट एका पायावर उभी राहिले. खाली बघते तर बैठकीच्या खोलीभर रुळांचं मोठं लंबगोल रिंगण. सोफा नाही, तक्क्या-लोड भिंतीला रेटलेले, आणि रिंगणाच्या एका टोकाला काळ्या डब्याशी मांडी घालून बसलेले माझे नवे सासरे. मुलाची वरात दारात आणि हे आपले सुनेला सलामी म्हणून गाडी सोडायच्या तयारीत! त्यांनी दांडी सरकवली. ते हिरवं इंजिन खडखडत माझ्या पावलाशेजारून गेलं, त्याच्यामागे तांबडे डबे, आणि सगळी वरात दारातच खोळंबली. मला हसू आवरेना. नव्या नवरीनं असं खिदळू नये हे आईनं बजावलेलं सगळं मी विसरले.

त्या क्षणापासून मला ती दांडी हवी होती. साडी नको, बांगड्या नकोत, सिनेमाला नेलं नाही तरी चालेल. त्या काळ्या डब्यापाशी बसावं आणि आपल्या हातानं गाडी सोडावी, एवढं एकच मनात भरलं.

सत्यनारायण झाल्यावर मी सरळ विचारलंच. "मामंजी, मी चालवू?"

आमचे हे छताकडे बघायला लागले. मामंजींनी चष्मा काढून पुसला. "गाडी चालवणं सोपं आहे, सूनबाई," ते म्हणाले. "थांबली तर का थांबली हे सांगणं कठीण. एकदा, फक्त एकदा, माझ्या आधी तू बराबर कारण सांग. सबुतासकट. दांडी तुझी."

नंतर कळलं की ही अट यांच्यासाठीही होती. यांनी दोन-चारदा प्रयत्न करून नाद सोडला होता आणि आता ते सुखात होते. मी त्यातली नव्हते.

गाडी थांबायला निमित्त लागत नसे, त्यामुळे शिकायला भरपूर मिळालं. पहिला धडा मळाचा. गाडी अडखळत, ठिणग्या टाकत चालली तर समजावं की चाकं आणि रूळ मळलेत. बैठकीची खोली रस्त्याला लागून, टांग्यांची धूळ येऊन बसायची, तिच्यात इंजिनाचं तेल मिसळायचं आणि रुळावर काळी साय धरायची. वीज त्या सायीतून जात नसे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बाईमाणसाच्या बुद्धीनं चिंच आणली, देवाची भांडी घासतात तशी, आणि रूळ लख्ख केले. चार दिवसांनी रुळांवर गंज चढला तेव्हा मामंजी म्हणाले, "पितळ आणि पत्रा, दोन्हींना एकच कलम लावता येत नाही." मला राग आला, कारण ते बरोबर होतं. मग कळलं की कोरड्या फडक्यानं पुसायचं, हट्टी डाग असला तर फडक्याला थोडं रॉकेल लावायचं, आणि पाणी रुळाच्या आसपाससुद्धा आणायचं नाही.

दुसरा धडा सांध्यांचा. तुकड्याला तुकडा जोडायला बारीक खिळी असायची. ती सैल झाली की वीज तिथेच संपायची. स्टेशनातून मालगाडी गेली की आमचे सांधे सैल होतात असं मामंजींचं म्हणणं. मला ते थोतांड वाटायचं, तरी मालगाडी गेली की मी पक्कड घेऊन सांधे चिमटत बसायची. तिसरा धडा लांबचा. डब्यापासून दूरच्या टोकाला गाडी नेहमी मंदावायची, तेव्हा हे म्हणायचे की इंजिन थकलं. इंजिन थकत नाही. इतक्या सांध्यांतून जाता जाता विजेचाच जीव जातो. दूरच्या टोकाला दुसरी वायर नेऊन जोडली की गाडी तिथेही तशीच धावते. हे मी माझं मी शोधून काढलं, पण मामंजींनी अर्धा मिनिट आधी सांगितलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

आणि एकदा तर मीच मुलजिम निघाले. गाडी चालता चालता बंद पडली, काळा डबा गुणगुणायला लागला, हात लावून बघावा तर गरम. मी रूळ बघितले, सांधे बघितले, वायर बघितली. मामंजी शांतपणे पालथे पडले, आणि मधल्या व कडेच्या रुळांवर आडवी पडलेली एक वस्तू दोन बोटांत धरून उठले. माझ्या अंबाड्यातला आकडा होता तो. विजेला जवळची वाट मिळाली की ती गाडीपर्यंत कशाला जाईल? "हा आकडा आपला का?" त्यांनी विचारलं. एरवी ते मला तू म्हणत. जिरह चालू असली की तुम्ही. "आपण वाकून इतकी तपासणी केलीत, बाई, की पुरावा आपणच टाकून गेलात." हे इतके हसले की यांना ठसका लागला. त्यानंतर मी रुळांजवळ जाताना डोक्याला घट्ट रुमाल बांधायला लागले.

हे सगळं चालू असताना बाहेर मोठ्या घडामोडी होत होत्या. अदालतीचं काम उर्दूतून इंग्रजीत जायला लागलं होतं. मामंजी संध्याकाळी चष्मा लावून यांच्याकडून इंग्रजी शब्दांचे उच्चार घोटून घ्यायचे आणि तासाभरानं वैतागून म्हणायचे, "या वयात जीभ वळत नाही रे." मग उठून डब्यापाशी जाऊन बसायचे. गाडीची एक फेरी झाली की त्यांचा चेहरा निवळायचा. तो निवळलेला चेहरा मला फार आवडे, हे सांगून टाकते. रागवायची मी त्यांच्यावर, पण जीवही तितकाच लावला होता.

राहिल्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातून आलेल्या, उंच, कामाला वाघ. गाडीला त्या 'सवत' म्हणायच्या. "सवतीला जरा बाजूला घ्या, मला फरशी पुसायचीय." मामंजी मुकाट्यानं एका बाजूचे रूळ उचलायचे. आत्याबाईंना या गाडीत काय आहे ते कळत नाही, असं मी धरून चालले होते.

वर्षातून एकदा मात्र खोली त्यांची व्हायची. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पुण्या-मुंबईकडे गौरी म्हणतात त्याच. पण मराठवाड्यातल्या घरांत त्यांचा थाट वेगळा. थोरली आणि धाकटी, दोघी उभ्या, माणसाएवढ्या, भारी लुगडी नेसवलेल्या, पुढ्यात त्यांची बाळं, भोवती फराळाच्या राशी, वर टांगलेला तळणीचा फुलोरा, आणि दुसऱ्या दिवशी सोळा भाज्यांचा नैवेद्य. आत्याबाई पंधरवडाभर आधीपासून खपत. आणि मामंजींनी गाडी आणल्यापासून त्या आराशीभोवती रिंगण घालून गाडी फिरे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला काचीगुड्यातल्या बायका लोटायच्या. त्यातल्या निम्म्या महालक्ष्म्या बघायला येत, निम्म्या गाडी, आणि एक गोष्ट बघायला सगळ्याच.

ती गोष्ट मी आले त्याच वर्षी शेजारणीनं कानात सांगितली. "तुझ्या घरची गाडी महालक्ष्म्यांसमोर आपोआप थांबते, ठाऊक आहे ना? दर्शन घेतल्याशिवाय पुढं जात नाही, काय की बाई."

मी कान टवकारले. आपोआप काही थांबत नसतं, एवढं मी आता शिकले होते. आणि मामंजींना विचारलं तर त्यांनी हात वर केले! "त्या थांब्याचं कारण मला सापडलेलं नाही, सूनबाई. तो कज्जा अनिर्णीत आहे." मी आनंदानं उडायचीच बाकी होते. जो दोष मामंजींना सापडला नाही, तो मी सबुतासकट सांगितला तर दांडी कुठे जाते!

महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिंगण हातानं पुसून काढलं. एकेक सांधा चिमटला. आत्याबाईंनी इंजिनाची पूजा केली; नवं काही घरात आलं की कुंकू लावायचं ही आपली रीत, आणि दरवर्षी महालक्ष्म्यांपुढे धावायच्या आधी इंजिनालाही ते मिळे. कपाळावर हळदकुंकू, चार अक्षता, जास्वंदीचं फूल. मग मामंजींनी गाडी फिरवून बघितली. एकदाही अडखळली नाही. मी समाधानानं पुरण वाटायला गेले.

संध्याकाळी खोली बायकांनी भरली. दिवे लागले. मामंजी कोपऱ्यात डब्यापाशी, मान खाली, नजर रुळांवर. नैवेद्य झाला, आरती झाली, पाहुण्यांनी आराशीची तोंड फाटेपर्यंत तारीफ केली, पण या माणसानं एकदाही वर बघितलं नाही. मी हे पाहिलं आणि मला बरं वाटलं नाही. आत्याबाईंची कंबर धरली होती पंधरा दिवसांत. मग मामंजींनी दांडी सरकवली. गाडी वळणावरून आली, फुलोऱ्याखालून गेली, आणि महालक्ष्म्यांच्या बरोबर समोर, थोरलीच्या पावलाशी, थांबली.

"थांबली! थांबली गं बाई!" सगळ्या बायकांनी हात जोडले. मामंजींनी दांडी सोडली, मान वर केली, आणि हात जोडून समोर बघितलं. नुसतं देवीकडे नाही; लुगड्यांच्या निऱ्यांकडे, राशींकडे, फुलोऱ्याकडे, दिव्यांकडे, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग आत्याबाईंकडे बघून म्हणाले, "फार सुरेख केलंस." आणि बोटानं इंजिनाला पुढे ढकललं, की गाडी पुन्हा चालू.

माझं लक्ष रुळावर होतं. बायका पांगल्यावर मी वाकले. मधल्या रुळावर, वीतभर, लाल रेघ होती. बोट फिरवलं तर बोट लाल. कुंकू! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. इंजिनाच्या पूजेचं कुंकू खाली सांडतं, मधल्या रुळावर बसतं, तिथून वीज घेणारी इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यावर आली की वीज तुटते. आपल्याच घरात होऊ शकणारी चूक! विलायतेतल्या कुणाच्या बापाला सुचली नसती. मी तोंड उघडणार, तोच आत्याबाईंनी करंडा माझ्या हातात दिला. "जा, मागल्या दारच्या आजींना कुंकू लाव, त्या निघाल्यात."

त्या काळी कुंकू नुसतं टिकत नसे. आधी कपाळाला मेण लावायचं, मग त्यावर कुंकू. करंड्यात मेणाचा एक छोटा खण असायचा. मी आजींना लावायला मेणात बोट घातलं, आणि बोट तिथेच राहिलं. हाच चिकटपणा. रुळावर मी जे बोट फिरवलं ते कोरड्या कुंकवावरून नव्हतं. इंजिनाच्या कपाळावरचं हळदकुंकू कोरडं होतं, मी सकाळी बघितलं होतं. पूजेतून मेण सांडत नाही. ते कुणीतरी लावावं लागतं. आणि आमच्या घरात तो करंडा एकाच बाईच्या कमरेला असायचा.

सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी फार वळणं घेतली नाहीत. "आत्याबाई, रुळाला मेण तुम्ही लावता."

त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. "काय बघूलालीस रुळात डोकं घालून सारखी," त्या म्हणाल्या, आणि मग हसल्या. त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, चोरी पकडलेल्या पोरीसारखं. "हौ. मीच लावते."

"पण कशासाठी?"

"पहिल्या वर्षी आपसूक झालं. कुंकू सांडलं होतं माझ्या हातून, गाडी थांबली. तसं यांनी डोकं वर केलं, सगळं बघितलं, आणि म्हणाले, सुरेख केलंस. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पहिल्यांदा म्हणाले. नंतर एक साल गाडी नव्हतीच. त्याच्या पुढल्या साली गाडी थांबली नाही. फिरत राहिली गरागरा, आणि यांची मान खालीच. एवढा फुलोरा केला होता मी, एवढा." त्यांनी पिठाचे हात फाकून दाखवले. "मग म्हटलं, सवतीलाच कामाला लावावं." पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगायचं असेल तर सांग बाई. तुझी दांडी अडलीय, मला ठाऊक आहे."

राग आला असता तर बरं झालं असतं, रागाचं काय करायचं ते मला ठाऊक होतं.

त्याच दिवशी दुपारी विसर्जन झालं. मुखवटे पेटीत गेले, फराळाचे डबे शेजारी वाटले गेले, खोली मोकळी झाली आणि मध्ये नुसतं रिंगण उरलं. मामंजींनी मला बोलावलं. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताटातला हात हलत होता, पण खडा काही एक निघत नव्हता.

"काल आपण रुळाला बोट लावून पाहिलंत," मामंजी म्हणाले. जिरह सुरू झाली होती. "आपल्याला कारण सापडलं?"

"सापडलं."

"सबूत?"

"आहे."

ते काळ्या डब्यापासून उठले, आणि बसायची जागा मोकळी केली. पाट हातानं झाडला. "मग बयान द्या. हा कज्जा निकालात निघाला की दांडी आपली."

दांडीची मूठ पितळी होती, मामंजींच्या अंगठ्यानं घासून घासून उजळलेली. इतके महिने मी त्या मुठीच्या आशेवर फरशीवर लोळले होते. एक वाक्य बोलायचं होतं. आणि ते बोललं की पुढच्या वर्षीपासून ती गाडी नुसती फिरणार, फिरतच राहणार.

"कारण मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "सबूतही आहे. पण सांगणार नाही." आवाज चढला माझा, मला माझाच राग आला होता. "तुम्हाला जे करायचं ते करा. नको मला तुमची दांडी!"

मामंजी माझ्या अगदी जवळ आले, दाराशी बसलेल्या बाईला ऐकू जाऊ नये इतके. पुन्हा मला तू म्हणाले.

"पोरी, रुळावरचं मेण नुसत्या फडक्यानं जात नाही. रॉकेलचा बोळा घ्यायचा आणि एकाच दिशेनं पुसायचं. मी दरवर्षी तसंच पुसतो."

म्हणजे मामंजींना सगळं ठाऊक होतं! मला पहिला प्रश्न हाच सुचला: "मग तुम्ही आपणहून का वर बघत नाही?" तोही कुजबुजत, पण चिडून.

"पहिली चूक माझीच होती," ते म्हणाले. "पण आता ती एवढा घाट घालून गाडी थांबवते. सकाळपासून तिच्या मनात तेच असतं. मी आधीच बघून टाकलं तर तिची मजा जाईल ना." आणि मग मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाईंनी जवाब दिला नाही. अदालत त्यांची खामोशी मंजूर करते. बस पाटावर."

मी बसले. मूठ अजून त्यांच्या हाताची कोमट होती. मी ती इतकी जोरात सरकवली की गाडी पहिल्याच वळणावर रुळावरून उडून तक्क्याला जाऊन आदळली, आणि दारातून आत्याबाई ओरडल्या, "अगं हळू! सवत मरेल!" मग आम्ही तिघंही असे हसलो की हे कचेरीतून आले तेव्हा यांना वाटलं, घरात काहीतरी भलतंच झालं.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या सकाळी आत्याबाई करंडा घेऊन माझ्याशेजारी फरशीवर येऊन बसल्या. "कुठं लावू? थोरलीच्या पायाशी बराबर थांबली पाहिजे." मी जागा दाखवली. संध्याकाळी पाटावर मी होते, दांडी माझ्या हातात होती. मामंजींना त्या दिवशी काहीच काम नव्हतं. ते समोर भिंतीशी टेकून बसले होते, रूळ बघायचं कारण नव्हतं, आणि आरास त्यांच्या नाकासमोर होती. तरी ते मान खाली घालून बसले. बायका आल्या, आरती झाली, तारीफ झाली, मान खालीच. मी गाडी सोडली, फुलोऱ्याखाली वेग कमी केला, आणि इंजिन थोरलीच्या पावलाशी येऊन उभं राहिलं. तेव्हा कुठे त्यांनी डोकं वर केलं. आत्याबाईंनी पदर सारखा केला.